क्लिनव्हार या जनुकीय बदलांच्या सार्वजनिक नोंदसंग्रहाला पहिली नोंद पाठवताना

आधी संदर्भ जीनोमची, म्हणजे मानवी डीएनएच्या प्रमाण नकाशाची, आवृत्ती बघ. जीआरसीएच३७ आणि जीआरसीएच३८ या आवृत्त्यांमध्ये एकाच उत्परिवर्तनाची जागा बहुतेकदा वेगळ्या आकड्यावर येते. आवृत्तीशिवाय नुसता आकडा बिनकामाचा. ट्रान्सक्रिप्टचा (जनुकाच्या आरएनए प्रतीचा) क्रमांक टिंबापुढच्या आकड्यासकट लिही. एक्सेलवर तर डोळे झाकून विसंबू नकोस. सेप्ट२ दिसलं की ते बिनदिक्कत सप्टेंबरची तारीख करायचं, शेवटी त्या जनुकाचंच नाव सेप्टिन२ झालं!

लक्षणं एचपीओ या लक्षणांच्या प्रमाण यादीतल्या कोडने दे. आकडीच्या झटक्यांसाठी एचपी:०००१२५०. तपासून न आढळलेलं लक्षण आणि न तपासलेलं लक्षण यांची गल्लत मात्र करू नकोस, माझ्या मते खरी माती तिथेच होते. उत्परिवर्तनाने आजार होतो की नाही याचा पुरावा तोकडा असेल तर 'महत्त्व अनिश्चित' हाच शेरा बरा, पुढे बदलता येतो. रुग्णाचं नाव, जन्मतारीख टिपणीतसुद्धा नको.