फवारणी पंपाची पुस्तिका स्वाहिलीत करायची असेल तर

तुमचा प्रश्न असा, की फवारणी पंपाची इंग्रजी पुस्तिका टांझानिया आणि केनियाला पाठवायची आहे, तर मशीनने स्वाहिली करून कुणाला तरी डोळ्याखालून घालायला दिली की भागेल का. जाहिरातीच्या पानाला भागेलही एखादवेळी. वापराच्या सूचना आणि धोक्याच्या इशाऱ्यांना अजिबात नाही.

आधी देश पक्का करा. प्रमाण स्वाहिली झांझिबारच्या बोलीवर बेतलेली आहे. मोंबासाची बोलीही स्पर्धेत होती, पण १९२८ सालच्या परिषदेत (तीही मोंबासातच भरली होती!) झांझिबारचं पारडं जड ठरलं. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि १९६७ पासून बाकिटा ही सरकारी परिषद परिभाषेकडे बघते. केनियात २०१० च्या संविधानाने स्वाहिलीला इंग्रजीबरोबर राजभाषा केलं, तरी शिकलेला माणूस कागदपत्रं इंग्रजीतच वाचतो. त्यामुळे पैसे एकाच भाषांतराचे असतील तर ते टांझानियाच्या भाषांतरकाराकडून करून घ्या आणि केनियातल्या वाचकाला दाखवा. उलट करू नका.

आता तुमच्याच पुस्तिकेतली सूचना घ्या: ‘सकाळी ७ च्या आत फवारा’. स्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे ७ म्हणजे ‘सा मोजा’, अर्थात पहिला तास. आकडा जसाच्या तसा ठेवून कुणी ‘सा साबा’ लिहिलं, तर शेतकरी दुपारचा १ समजणार. भर उन्हात, वाऱ्यात औषध मारलं जाईल. नमुन्याचं पान मागवाल तेव्हा हे वाक्य मुद्दाम त्यात घाला, माणूस कसा आहे ते लगेच कळतं.

पंपासोबत ॲप असेल तर आणखी एक कटकट आहे. स्वाहिलीत नामांचे बरेच वर्ग आहेत आणि विशेषण त्या-त्या वर्गाप्रमाणे बदलतं: ‘किताबु किझुरी’ म्हणजे चांगलं पुस्तक, पण अनेकवचनात ‘विताबु विझुरी’. आपल्याला चांगला-चांगली-चांगलं सांभाळतानाच नाकी नऊ येतात. तेव्हा ‘___ बदला, नवीन ___ लावा’ अशी गाळलेल्या जागांची वाक्यं देऊ नका, प्रत्येक भागासाठी पूर्ण वाक्य द्या.

दर ठरवताना शब्द इंग्रजीचे मोजा. ‘निताकुलेतेआ’ या एका शब्दात ‘मी तुला आणून देईन’ हे सगळं मावतं. स्वाहिली शब्दांवर पैसे दिलेत तर चांगला भाषांतरकार तुमच्याकडे टिकणार नाही.