ऑनलाइन ओळखीचे मित्र अडचणीत खरंच उभे राहतात का?

प्रश्न: मी नालासोपाऱ्याला राहते. वडिलांवर परळच्या एका रुग्णालयात उपचार सुरू आहेत, त्यांना पुन्हा ॲडमिट करावं लागणार आहे. मला भाऊ-बहीण नाही, आई गावी असते. पुस्तकांवर गप्पा मारणारा आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. रोज बोलणं होतं, पण प्रत्यक्ष कुणालाच भेटलेली नाही. त्यांना हे सगळं सांगावं का? की अशी मैत्री गप्पांपुरतीच असते?

उत्तर:

सांगा. आणि वडिलांना पुन्हा ॲडमिट करायची तारीख यायच्या आत सांगा, म्हणजे लोकांना रजा टाकायला, गाडीची वेळ बघायला सवड मिळेल.

मी चेंबूरला राहते. आमचा ग्रुप खिडकीत झाडं लावणाऱ्यांचा. अंगण कुणालाच नाही. ग्रिलमध्ये चार-सहा कुंड्या, फार तर गच्चीचा एखादा कोपरा. दिवसभर बोलणं काय, तर जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय, कढीपत्ता वाढत नाही, मोगऱ्याला पहिली कळी आली. वसईपासून बदलापूरपर्यंतचे लोक आहेत. फोनमध्ये त्यांची नावंसुद्धा ठिकाणावरून लिहिलेली: मुलुंडच्या काकू, डोंबिवलीचा दादा, लालबागची ताई. राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे काहीजण भेटलो होतो. बाकीच्यांचा चेहरा प्रोफाइलच्या फोटोपुरताच माहीत.

माझ्या नवऱ्याला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा नातेवाईक धावून आले. सासर सांगलीला, माहेर चिपळूणला. आले, राहिले, पैशाची सोय केली, आणि मग त्यांना परत जावंच लागलं. शेती, नोकऱ्या, मुलांच्या शाळा सोडून कोण किती दिवस राहणार? हा आजार मात्र महिनोन्‌महिने चालतो. केमोथेरपीनंतर रक्तातल्या प्लेटलेट खाली जातात, त्या पुन्हा पुन्हा चढवाव्या लागतात. त्यात अडचण अशी की त्या साठवून ठेवता येत नाहीत. लाल पेशी रक्तपेढीत महिनाभराहून जास्त टिकतात. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस, त्याही २० ते २४ अंश तापमानात सतत हलत्या ठेवून. आज दहा जण देऊन गेले तरी पुढच्या पंधरवड्याला त्याचा काही उपयोग नाही. माणूस त्या त्या आठवड्यातच लागतो, आणि तो मुंबईतलाच लागतो.

मी ग्रुपवर रक्तगट, रुग्णालयाचा पत्ता आणि अंदाजे कुठल्या दिवसांत गरज पडेल एवढं लिहिलं. तासाभरात डोंबिवलीच्या दादाचा फोन आला. तो हिशेबाच्या खात्यात काम करतो, यादी करणं त्याच्या हातातलंच. त्याने प्रत्येकाला चार गोष्टी विचारल्या: रक्तगट कुठला, वजन ५० किलोच्या वर आहे का, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली आहे का, आणि रोजची गाडी कुठली. सेंट्रलने येणारा परळला उतरून ऑफिसच्या आधी देऊन जाऊ शकतो, वेस्टर्नवाला प्रभादेवीला उतरतो. हार्बरवाल्याला कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, म्हणून त्याला शनिवार.

प्लेटलेट देताना मशीन रक्तातून प्लेटलेट तेवढ्या काढून घेतं आणि उरलेलं रक्त परत शरीरात सोडतं. त्याला तास-दीड तास लागतो, वर आधीची तपासणी. देणाऱ्याचा स्वतःचा प्लेटलेट काउंट दीड लाखाच्या वर हवा, हाताची शीर नीट सापडायला हवी. त्यामुळे दादा दर वेळी दोघांना सांगून ठेवायचा. एकजण तपासणीत बाद झाला तर दुसरा वाटेत असायचा. ठाण्याचा एक कॉलेजातला मुलगा सारखा 'मीच येतो' म्हणायचा. त्याला दादानेच थांबवलं: दोन वेळांमध्ये किमान ४८ तास जावे लागतात, आठवड्यात दोनदाच आणि वर्षात २४ वेळांच्या वर देता येत नाही. रक्तपेढीत विचारून हे त्याने ग्रुपवर सगळ्यांसाठी लिहून ठेवलं होतं.

लालबागच्या ताईचं घर रुग्णालयापासून जवळ. डॉक्टरांनी घरचं, ताजं शिजवलेलंच द्यायला सांगितलं होतं, तर मऊ भात आणि वरण घेऊन ती नाहीतर तिचा मुलगा यायचा. टिळकनगरची एक मुलगी माझ्या सगळ्या कुंड्या टेम्पोत घालून घेऊन गेली आणि दर रविवारी त्यांचे फोटो पाठवत राहिली. मुलुंडच्या काकूंना वयामुळे रक्त देता येत नव्हतं. त्या रोज रात्री मला फोन करायच्या. तब्येतीचं विचारायच्या नाहीत, 'तू जेवलीस का' एवढंच विचारायच्या आणि मग मला पाहिजे ते बोलू द्यायच्या. नवरा आता बरा आहे, तपासणीला तेवढा जातो. त्या काळात कुणी काय केलं हे मी एकेक करून सांगू शकते, कारण प्रत्येकाने एकेकच काम उचललं होतं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

हे लोक का आले असतील, याचा मी पुष्कळ विचार केलाय. माझं उत्तर असं की त्यांना आमचे साधे दिवस माहीत होते. सकाळी मी किती वाजता झाडांना पाणी घालते, नवरा कुंड्यांना लोखंडी स्टँड करून देतो, आमची खिडकी पश्चिमेची, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं वाचलेलं. मदतीसाठी म्हणून काढलेले ग्रुपही मोलाचे असतात; आजाराची, औषधांची, सरकारी योजनांची माहिती मला रुग्णांच्या ग्रुपवरच मिळाली. पण माणूस दारात येऊन उभा राहण्याच्या बाबतीत माझा जास्त भरवसा रोजच्या फुटकळ गप्पांच्या ग्रुपवर आहे.

पुढे काकूंच्याच बाबतीत ते दिसलं. काकू एकट्या राहतात, मुलगा परदेशात. रोज सकाळी चहाचा कप आणि तुळस एका फोटोत टाकायच्या, आम्ही त्याला सवयीने अंगठा दाखवायचो. एके दिवशी फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, फोन वाजत राहिला. भांडुपची एक मैत्रीण उठून मुलुंडला गेली, सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन दार उघडवलं. काकू न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजारी चांगले होते, पण बंद दार हे त्या मजल्यावर नेहमीचंच. फोटो न येणं मात्र नेहमीचं नव्हतं. १०८ची रुग्णवाहिका बोलावली, मुलाला कळवलं, आणि मुलगा पोचेपर्यंत रात्रीच्या सोबतीच्या पाळ्या ग्रुपने लावल्या.

तुमच्या मनात असंही असेल की ज्यांना भेटलेसुद्धा नाही त्यांच्यावर हा भार कसा टाकायचा. या शहरात हे नवीन नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि कुणा अनोळखी बाईच्या खानावळीत जेवत. पगार लांबला तरी ती ताट वाढत राही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच खानावळवाल्या बायकांचं. गट करून, एकमेकींची हमी देऊन त्यांनी बँकेचं कर्ज मिळवलं. त्यांच्या हातात ना दागिना होता ना जागेचे कागद, एकमेकींचा शब्द होता. आपण तो शब्द फोनवरून देतो एवढंच.

शिवाय थोड्या लांबच्या ओळखीचा एक वेगळाच फायदा असतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एका शोधनिबंधात मांडलं की नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलगांकडून मिळत नाही, लांबच्या ओळखीतून मिळते. जिवलग आपल्याच वर्तुळातले, आपल्याला जे माहीत तेच त्यांनाही माहीत. लांबच्याचं वर्तुळ वेगळं असतं. आमच्या वसईच्या एका मित्राची नोकरी गेली तेव्हा अगदी असंच झालं. सगळी बिरादरी त्याच्याच धंद्यातली, तिथे मंदी. त्याला नवं काम लागलं ते ग्रुपमधल्या, एरवी फक्त गांडूळखताबद्दल बोलणाऱ्या एका गृहस्थांमुळे.

तुमच्या बाबतीतही हेच होईल. तुमच्या पुस्तकवाल्यांत कुणीतरी रुग्णालयात काम केलेलं निघेल, कुणी वकील, कुणी सरकारी कचेरीतलं. मला आमच्यातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या तुम्हालाही सांगते. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, खर्चाचं ओझं वाटलं की आधी तिथे जायचं; महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात का, कुठल्या संस्थेचा निधी मिळेल का, हे तिथे कळतं. आणि महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला एका फाइलमध्ये सोबत ठेवा.

काही गोष्टींत मात्र हात आखडता ठेवा. आमच्या ग्रुपचा नियम आहे की कुणाच्याही नावावर पैसे गोळा करायचे नाहीत. द्यायचेच असतील तर रुग्णालयाच्या खात्यात बिलापोटी थेट भरायचे आणि पावती ग्रुपवर टाकायची. या एका नियमामुळे आमच्यात आजवर कडवटपणा आलेला नाही. वडिलांचं आधार कार्ड, बँकेचे तपशील, रिपोर्टवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक ग्रुपवर टाकू नका. ज्याला गरज आहे त्याला वेगळं पाठवा. मदतीच्या नावाखाली कुणी लिंक पाठवली, ओटीपी मागितला तर तिथेच थांबा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा. पहिल्यांदा भेटायचं ते रुग्णालयाच्या आवारात, दादर स्टेशनवर, म्हणजे चारचौघांत.

आणखी एक, ते तुमच्यासाठी. रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाची झोप उडते, जेवण तुटतं, उगाच रडू येतं. मित्र ऐकून घेतील, ऐकून घेतलंच पाहिजे. पण रोज तसंच होत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्यासाठी शिकलेला माणूस हवा. केंद्र सरकारने २०२२च्या ऑक्टोबरमध्ये टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आमच्या ग्रुपवर तो वर पिन करून ठेवलाय आणि एका मैत्रिणीसोबत मी स्वतः पहिल्या फोनच्या वेळी बसले होते.

आणि फक्त दुःखच सांगत राहावं लागेल अशी भीती वाटत असेल, तर तसं होत नाही. ज्या ग्रुपने माझ्या नवऱ्यासाठी रांग लावली, त्याच ग्रुपवर कल्याणच्या एका जोडप्याला म्हाडाच्या सोडतीत घर लागलं तेव्हा नुसता कल्ला झाला होता. नव्या खिडकीसाठी प्रत्येकाने आपापल्या झाडाचं एकेक कलम दिलं. एवढ्या कुंड्या झाल्या की सामान लावण्याआधी ग्रिल करून घ्यावं लागलं. काकूंचा खुबा बरा झाला, काठी टेकत त्यासुद्धा वास्तुशांतीला आल्या होत्या.

आता तुम्ही नेमकं काय लिहायचं. 'खूप कठीण काळ चाललाय' असं लिहिलंत तर चाळीस जण हात जोडलेली चित्रं पाठवतील, आणि त्यांचंही काही चुकत नाही, कारण काय करावं हे त्यांना कळतच नाही. त्यांना काम सांगा, वेळ सांगा, जागा सांगा. माझा अनुभव असा की काम जितकं लहान, तितक्या लवकर कुणीतरी ते उचलतं. आज रात्री साधारण असं लिहा: 'माझ्या वडिलांवर परळला उपचार सुरू आहेत. येत्या मंगळवारी सकाळी मला रक्ततपासणीच्या आणि केसपेपरच्या अशा दोन रांगांत एकाच वेळी उभं राहावं लागणार आहे. सात ते दहा कुणी वडिलांजवळ बसू शकेल का? आणि उशीर झाला तर दादर-परळकडे एखाद्या रात्री मला झोपायला जागा मिळेल का?' खाली वडिलांचा रक्तगट लिहा, आणि त्यांना कुठलं पुस्तक वाचून दाखवलेलं आवडतं तेही लिहा. पुस्तकवाल्यांचा ग्रुप आहे तुमचा. त्या शेवटच्या ओळीला सगळ्यात आधी उत्तर येईल.