बेसबँडमधला ‘बेस’ कुठला?

दापोली तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. गावच्या सड्यावर मोबाइलचा टॉवर उभा राहिलाय आणि त्याची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहायची आहे. बेसबँड युनिट, म्हणजे फोनच्या संदेशांवर काम करणारी टॉवरची पेटी, तिला ‘तळपट्टी एकक’ म्हटलं तर चालेल का? पेटी टॉवरच्या तळाशीच असते, आणि बेस स्टेशन, म्हणजे टॉवर आणि त्याची यंत्रणा, यातला बेसही तोच ना?

‘पट्टी’ झकास. ‘तळ’ मात्र फसवा आहे. बेस स्टेशनमधला बेस म्हणजे ठाणं. बेसबँडमधल्या बेसचा जागेशी संबंधच नाही, तो ‘मूळ’ या अर्थाने आलाय. पेटी टॉवरखाली ठेवतात ती सोयीसाठी. काही ठिकाणी अनेक टॉवरांच्या पेट्या कित्येक किलोमीटरवरच्या एकाच इमारतीत ठेवून फायबरने जोडतात. तिथे कुठला आलाय तळ?

मूळ कशाचं, तर संदेशाचं. जुन्या टेलिफोनवरचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये बसायचा. ती त्याची मूळपट्टी. ती तशीच हवेत सोडायची म्हटलं, तर ३००० हर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी होते १०० किलोमीटर. अँटेना तिच्या पाव लांबीची केली तरी हर्णैहून निघून जवळजवळ दाभोळला पोचेल! ९०० मेगाहर्ट्झवर तेच काम आठेक सेंटिमीटरांत होतं. म्हणून संदेश वरच्या पट्टीत चढवायचा. भजनात बुवा पट्टी वाढवतात, अभंग तोच राहतो, तसंच हे. आपल्याकडे ‘पट्टी’ला हा अर्थ आयताच आहे, म्हणून तो शब्द आवडला.

आता मोबाइलवर बोलणं असो की व्हिडिओ, सगळ्याचे आधी आकडे होतात. बेसबँड युनिट या आकड्यांवर काम करतं. वाटेत काही बिघडलं तर दुरुस्त करता यावं म्हणून त्यांत जादा आकडे मिसळतं, आणि कुठल्या फोनला लहरींचा किती वाटा द्यायचा हे ठरवतं. ४जीमध्ये ही वाटणी दर मिलिसेकंदाला नव्याने होते. फोनकडून आलेला गोंगाटभरला संदेश सोडवून पुढे मुख्य जाळ्याकडे धाडणं हेही त्याचंच काम.

पट्टी चढवण्याचं काम मात्र त्याचं नाही. ते करते वर अँटेनाजवळ टांगलेली दुसरी पेटी, तंत्रज्ञांची ‘आरआरयू’ (रिमोट रेडिओ युनिट). पूर्वी हे काम खालीच व्हायचं आणि तयार लहरी जाड तांब्याच्या केबलमधून वर चढताना ताकद गमावायच्या. आता वर जाते ती फायबर, आणि तिच्यातून आकडे.

राहिलं ‘एकक’. मराठीत एकक म्हणजे मीटर, सेकंद, किलो. यंत्राला ‘संच’ बरा. तेव्हा फलकावर ‘मूळपट्टी संच’ लिहा, आणि शेजारी ‘बीबीयू’ हे बेसबँड युनिटचं लघुरूप हवंच. दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ तेवढंच ओळखतो.