पिचरची हूल, अंपायरची घाई

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. यंदापासून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या बेसबॉल सामन्यांत अंपायरिंग करते. बाकी सगळं जमतं, ‘बॉक’ (चेंडू टाकणाऱ्या पिचरची नियमबाह्य हालचाल) काही केल्या कळत नाही. परवा पिचरचा खांदा हलला म्हणून बॉक दिला, तर कोच अंगावरच आला. नक्की बघायचं काय?

उत्तर : खांदा कधी हलला, हे सांगता आलं नाही ना? मग कोच येणारच. चेंडू टाकण्याआधी हात जुळवून थांबल्यानंतर त्याने खांदा झटकला असेल, तर तुमचं बरोबर होतं. नुसती मान वळवून बेसवर (धावेच्या टप्प्यावर) उभ्या रनरकडे पाहिलं असेल, तर नाही.

लहानपणी खो-खो खेळला असालच. धावणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे वळायची सोय नाही. पिचरचंही तेच. पाय रबरला, म्हणजे तो उभा असतो तिथल्या पट्टीला, टेकलेला असताना त्याला तीनच गोष्टी करता येतात : बॅटरकडे चेंडू टाकणं, बेसच्या दिशेने पाऊल टाकून तिकडे फेकणं, किंवा मागचा पाय रबरच्या मागे काढून मोकळं होणं. एक सुरू करून दुसरं केलं की बॉक. थोडक्यात, रनरला फसवणारी हूल. बेसवर रनरच नसेल तर बॉकही नाही.

गंमत म्हणजे सगळ्या हुली बंद नाहीत. पहिल्या बेसकडे नुसती हूल दिली की बॉक. दुसऱ्याकडे पाऊल टाकून दिलेली आजही चालते. तिसऱ्याकडची मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक सामन्यांत, 2013 पासून बंद झाली.

नजर हातावर नको, पायावर ठेवा. डावखुरा पिचर सगळ्यात अवघड, कारण तो पहिल्या बेसकडे तोंड करूनच उभा असतो. त्याचा उजवा पाय बघा. तो रबरच्या मागच्या कडेपलीकडे गेला, की पहिल्या बेसकडे फेकणं संपलं; आता होम (बॅटर उभा असतो तो बेस) किंवा दुसरा बेस.

चेंडू टाकण्याआधी पिचर पूर्ण थांबला का, हेही बघायचं असतं. पण त्यामागे हात धुऊन लागू नका. 1988 मध्ये मेजर लीगने या थांबण्याची व्याख्या कडक केली आणि एका मोसमात 924 बॉक झाले, एकट्या पिचर डेव्ह स्टुअर्टचे 16. पुढच्याच वर्षी जुने शब्द परत आणावे लागले.

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी एका सामन्यात पहिल्या बेसवर रनर होता आणि पिचर न थांबताच चेंडू टाकायला निघाला. मी एका दमात ओरडलो, “बॉक! टाइम!” तोवर चेंडू सुटला होता, आणि बॅटरने तो कुंपणापार धाडला. पण ‘टाइम’ म्हणून मी खेळ थांबवला होता, त्यामुळे होम रन रद्द. रनरला फक्त दुसरा बेस मिळाला. तो पोरगा बॅट हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. मेजर लीगच्या नियमात “दॅट्स अ बॉक” म्हणून बोट दाखवायचं आणि खेळ पुरा होऊ द्यायचा. बॅटरसह सगळे निदान एकेक बेस पुढे गेले, तर बॉक विसरायचा. नाहीतर “टाइम” आणि रनरना एकेक बेस.

सामन्याआधी नियमावली कोणती, ते मात्र विचारून घ्या. हायस्कूलच्या नियमात बॉक झाला की चेंडू तिथल्या तिथे डेड होतो, म्हणजे खेळ लगेच थांबतो. तिथे असतो, तर माझं ते ओरडणं बरोबर ठरलं असतं.