शेजारच्या जागेवर टाउनहोम्स येत आहेत: सिटीला काय लिहावे?

प्रश्न: आम्ही वॉशिंग्टन राज्यात, बेलव्ह्यू येथे राहतो. आमच्या घराला लागून असलेल्या सुमारे दीड एकर जागेत आजवर एकच जुने घर होते. आता तेथे 14 टाउनहोम्स (टाउनहाउस, म्हणजे एकमेकांना लागून ओळीत बांधलेली घरे) बांधण्याच्या प्रस्तावाचा फलक लागला असून सिटीला, म्हणजे शहर प्रशासनाला, लेखी अभिप्राय पाठवण्याची शेवटची तारीखही त्यावर दिली आहे. त्या जागेचा उतार आमच्या परसाकडे आहे. रस्त्याला फुटपाथ नाही आणि मुले शाळेच्या बसपर्यंत कडेकडेने चालत जातात. शेजाऱ्यांनी ‘वस्तीचे स्वरूप बिघडेल’ अशा मजकुराचे निवेदन तयार केले आहे, आणि ओळखीच्या कौन्सिल सदस्याला (नगरसेवकाला) फोन करण्याचेही घाटत आहे. पुण्यात असताना आम्ही विकास आराखड्यावर हरकत नोंदवली होती. येथेही तसेच करावे का?

उत्तर: अभिप्राय जरूर पाठवावा, पण त्या निवेदनाच्या मजकुरावर विसंबू नये. पुण्यात तुम्ही हरकत घेतली तेव्हा कोणत्या जागेवर काय असावे, हेच मुळात ठरत होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 त्या टप्प्यावर हरकती व सूचना मागवतो. पुढे एखाद्या बांधकामाचा नकाशा मंजूर करताना शेजाऱ्यांना सहसा कोणी विचारत नाही. वॉशिंग्टनमध्ये दोन्ही टप्प्यांवर विचारले जाते, मात्र दोन्ही वेळचा प्रश्न वेगळा असतो. या भागात टाउनहोम्स असावीत की नसावीत, हे शहराच्या सर्वंकष आराखड्यात आणि झोनिंगमध्ये (कोणत्या भागात काय बांधता येते याच्या नियमांत) ठरते, आणि बेलव्ह्यू ज्या किंग काउंटीत (जिल्ह्यात) येते तेथील शहरांना त्या आराखड्याचा मागचा फेरआढावा 2024 अखेरपर्यंत पूर्ण करायचा होता. त्यातच राज्य विधिमंडळाने 2023 मध्ये ‘हाउस बिल 1110’ मंजूर केले. त्यानुसार 75,000 किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना (बेलव्ह्यू त्यांत येते) निवासी भूखंडावर किमान चार घरांना, आणि मोठ्या परिवहन थांब्यापासून पाव मैलाच्या आत सहा घरांना, परवानगी द्यावी लागते. टाउनहाउस हा प्रकार त्या कायद्यात नावानिशी आहे.

म्हणून आता सिटीच्या टेबलावर आलेला प्रश्न एवढाच आहे की हा प्रस्ताव लागू नियमांत बसतो की नाही. ‘स्वरूप बिघडेल’ या वाक्यावर दोनशे सह्या असल्या, तरी ज्या अधिकाऱ्याला निर्णय लिहायचा आहे, त्याला त्या वाक्याच्या आधारे एकही अट घालता येत नाही. माझ्या मते तो मुद्दा न्याय्यही नाही. बेलव्ह्यूमध्ये स्वतंत्र घर घेणे भल्या पगारदारांच्याही आवाक्याबाहेर गेले आहे. शाळेतल्या शिक्षिकेला किंवा रुग्णालयातल्या परिचारिकेला गावातच राहायचे असेल, तर अशा लहान भूखंडांवरच्या घरांवाचून फारसा मार्ग उरत नाही. आपण पाय रोवून बसलो म्हणून मागून येणाऱ्याची वाट अडवावी, हे मला पटत नाही.

याउलट तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात त्या दोन गोष्टी, उतार आणि फुटपाथ, अत्यंत महत्त्वाच्या आहेत. 14 घरे प्रत्येकी आपापल्या जमिनीच्या तुकड्यासह विकायची असतील, तर भूखंडाचे पोटविभाजन करावे लागते, आणि राज्याच्या पोटविभाजन कायद्यानुसार काही सोयींची पुरेशी तजवीज झाली आहे असा लेखी निष्कर्ष काढल्याशिवाय शहराला मंजुरी देता येत नाही. त्या यादीत रस्ते, पिण्याचे पाणी, सांडपाणी, मोकळ्या जागा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा आहे. आणि शाळेत पायी जाणाऱ्या मुलांना सुरक्षितपणे चालता येईल असे पदपथ, हेही त्या कायद्याच्या मजकुरातच लिहिलेले आहे. सिटीला पाठवायचे तुमचे पत्र याच मजकुराला धरून असावे.

फलकावर अर्जाचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाने नकाशे आणि निचऱ्याचा अहवाल मागून घ्या आणि तुमच्या कुंपणाकडची बाजू नीट पाहा. त्यानंतर साधारण असे लिहावे: ‘आमच्या परसाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पाणी साचते, तारखेसह छायाचित्रे जोडली आहेत. निचऱ्याच्या अहवालात या बाजूला वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब दिसत नाही. छपरे व वाहनमार्ग झाल्यावर वाढणारे पाणी कोठे नेले जाणार, हे अर्जदाराकडून लेखी मागवावे. तसेच या जागेपासून बसथांब्यापर्यंत पदपथ नसल्याने कायद्यातील शाळकरी मुलांविषयीची तरतूद कशी पूर्ण होते, ते निर्णयात नमूद करावे.’ असे पत्र अधिकाऱ्याला बाजूला ठेवता येत नाही. तो अर्जदाराला दुरुस्तीचे पत्र पाठवू शकतो, भूमिगत टाकी किंवा नवा पदपथ अशी अट घालू शकतो. अशा पत्राने प्रकल्प थांबण्याचा संभव कमी आहे. प्रकल्प सुधारण्याचा संभव चांगला आहे.

पार्किंगवर फार जोर देऊ नये. नव्या घरांसाठी किती जागा सक्तीच्या करता येतात, यावर त्याच 2023 च्या कायद्याने मर्यादा घातली आहे, आणि मोठ्या परिवहन थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत तर अशी सक्ती करताच येत नाही. जुनी झाडे असतील तर ती कोठे आहेत आणि नकाशात दाखवली आहेत का, ते मात्र लिहावे.

कौन्सिल सदस्याला फोन करण्याचा बेत सोडून द्यावा. प्रकरण कौन्सिलपुढे निर्णयासाठी जाणार असेल, तर तेथे सदस्य न्यायाधीशासारख्या भूमिकेत असतात आणि प्रलंबित अर्जाविषयी एका बाजूशी खासगीत बोलणे त्यांना राज्याच्या कायद्याने वर्ज्य आहे. तुमच्या भल्यासाठी केलेला फोन त्या सदस्यालाच निर्णयातून बाहेर बसवू शकतो. नियम बदलून घेण्याची खटपटही या अर्जापुरती व्यर्थ आहे, कारण परिपूर्ण अर्ज दाखल झाला त्या दिवशीचे नियमच त्याला लागू राहतात.

मुदत काटेकोरपणे पाळावी. राज्याच्या कायद्यानुसार अर्जाच्या सूचनेनंतर अभिप्रायासाठी किमान 14 आणि कमाल 30 दिवस मिळतात. पत्रात आपले नाव, पत्ता आणि ‘निर्णयाची प्रत मला पाठवावी’ हे वाक्य असू द्या, म्हणजे तुमचे नाव प्रकरणाच्या नोंदीत राहते. जाहीर सुनावणी ठेवली असेल तर तेथेही हेच मुद्दे मांडा. पुढे कधी न्यायालयात जायचे ठरले, तर आधी शहराच्या स्तरावरील अपील पूर्ण झालेले असावे लागते आणि अंतिम निर्णयापासून 21 दिवसांत सुपीरियर कोर्टात अर्ज करावा लागतो. हा एकवीस दिवसांचा नियम अतिशय कडक आहे. तेथवर जाण्याची वेळ आलीच, तर जमीनविषयक कामे करणारा वकील पहिल्याच आठवड्यात गाठावा.

प्रश्न: आमच्या वसाहतीच्या एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) जुन्या करारात प्रत्येक भूखंडावर एकच घर बांधण्याची अट आहे. नव्या कायद्याने ती रद्द झाली का?

उत्तर: नाही. 23 जुलै 2023 नंतर केलेल्या करारांत अशी बंदी घालता येत नाही. त्याआधीच्या करारांतील अटी हाउस बिल 1110 मुळे आपोआप रद्द होत नाहीत. मात्र ती अट सिटी तुमच्या वतीने अमलात आणणार नाही, कारण तो भूखंडधारकांमधला खासगी करार आहे आणि तो पाळायला लावायचा तर एचओएला किंवा एखाद्या भूखंडधारकालाच न्यायालयात जावे लागते. प्रथम काउंटीच्या दप्तरात नोंदलेली कराराची प्रत काढा आणि ज्या भूखंडाविषयी प्रश्न आहे, तो त्या करारात खरोखर समाविष्ट आहे का, हे तपासा.