केसपेपरवरची पहिली ओळ

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) काम करतो. महिन्यापूर्वी उजव्या हाताचे बोट डायमध्ये, म्हणजे यंत्राच्या साच्यात, सापडले आणि त्याचे एक पेर कापावे लागले. दवाखान्यात सोबत आलेल्या सुपरवायझरने ‘घरी दारात बोट सापडले’ असे डॉक्टरांना सांगितले. आता मालक म्हणतात, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली प्रेसची जाळी त्यानेच काढली होती, त्यामुळे भरपाई मिळणार नाही. हे खरे आहे का?

उत्तर : केवळ कामगाराची चूक झाली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. एके काळी जखमी कामगाराला कोर्टात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे आणि बहुतेकांना ते जमत नसे. जर्मनीत 1884 मध्ये अपघात विम्याचा कायदा झाला आणि ‘चूक कोणाची’ याऐवजी ‘इजा कामामुळे आणि काम करताना झाली का’ हा प्रश्न मुख्य ठरला. त्या बदल्यात मालकाला सहसा वेगळ्या दाव्यापासून संरक्षण मिळते आणि रक्कम कायद्यातील दरांनुसार ठरते.

जाळीचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा. नशेत झालेली किंवा स्वतःहून करून घेतलेली इजा सहसा भरपाईतून वगळली जाते आणि सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढल्यासही काही कायद्यांत हक्क अडतो. पण तसे घडले हे सहसा मालकाने सिद्ध करायचे असते. उत्पादन वाढावे म्हणून जाळी कित्येक महिने काढलेलीच असेल आणि सुपरवायझर ते रोज पाहत असेल, तर दोष एकट्या कामगाराच्या माथी मारणे अवघड आहे. त्या पाळीतील सहकाऱ्यांचे लेखी जबाब आजच घ्या.

मला अधिक काळजी वाटते ती केसपेपरवरच्या पहिल्या ओळीची, म्हणजे ‘घरी दारात बोट सापडले’ या नोंदीची. दाव्याची छाननी करणारा अधिकारी आधी तीच वाचतो. जुनी नोंद खोडायला सांगू नका. भावाला डॉक्टरांकडे न्या, खरी हकीकत सांगा आणि तारखेसह नवी नोंद खाली करून घ्या. मालकालाही दिवस, वेळ, यंत्र आणि साक्षीदार लिहून सूचना द्या आणि पोहोच घ्या. सूचनेला मुदत असते, म्हणून हे लांबवू नका.

हक्क केवळ उपचारांच्या खर्चापुरता नसतो. कामावर जाता येत नाही त्या काळातील वेतनाचा काही भाग मिळतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1964 च्या करारात पत्नी आणि दोन मुले असलेल्या कामगारासाठी हे प्रमाण किमान 60 टक्के आहे. कापलेल्या पेराची कायमची हानी वेगळी मोजली जाते आणि भाऊ कामावर परतला तरी अनेक कायद्यांत तो हक्क टिकतो. ही हानी उपचार पूर्ण झाल्यावरच नीट ठरवता येते, म्हणून त्याआधी ‘पूर्ण रक्कम मिळाली’ अशा कागदावर त्याला सही करू देऊ नका.

प्रश्न : वडिलांनी बावीस वर्षे दगड कापण्याचे काम केले. ते सोडून सहा वर्षे झाली. आता चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना दम लागतो आणि डॉक्टरांनी सिलिकोसिसचे निदान केले आहे. मालक म्हणतात, इतक्या वर्षांनी आमचा काय संबंध?

उत्तर : संबंध आहे. दगडातील सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचून राहते आणि हा आजार काम सोडल्यानंतरही उमटू आणि वाढू शकतो. व्यवसायजन्य आजारांच्या 1925 च्या आंतरराष्ट्रीय करारात शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा आणि अँथ्रॅक्स (जनावरांपासून होणारा संसर्ग) हे तीनच आजार होते. 1934 च्या सुधारित यादीत सिलिकोसिस आला. आजार आणि व्यवसाय दोन्ही कायद्याच्या यादीत असतील, तर आजार कामामुळेच झाला असे सहसा गृहीत धरले जाते आणि सिद्धतेचा भार हलका होतो.

अशा आजारांत दाव्याची मुदत अनेक ठिकाणी निदानापासून मोजतात, तेव्हा निदानाच्या कागदावर तारीख आहे ना, ते पाहा. वडिलांजवळ बसून कोणत्या मालकाकडे किती वर्षे काम केले आणि कापणी कोरडी होती की पाणी मारून, हे लिहून काढा. सिलिकोसिसच्या रुग्णांवर कधी कधी आधी क्षयरोगाचेच उपचार झालेले असतात. वडिलांचेही तसे झाले असेल, तर जुने कागद आणि एक्स-रे फेकू नका. दाव्याला प्रती जोडा. मूळ फिल्म घरीच ठेवा.