आईच्या एमआरआय रिपोर्टातल्या दोन ओळी

प्रश्न: आईचे वय ७१. चक्कर येते म्हणून रत्नागिरीला मेंदूचा एमआरआय आणि अँजिओग्राफी केली, डाय दिला नव्हता. मेंदू वयानुसार ठीक आहे. पण ‘उजवी व्हर्टिब्रल आर्टरी हायपोप्लास्टिक’ आणि ‘डाव्या सिग्मॉइड सायनसमध्ये फ्लो सिग्नल, बहुधा रिफ्लक्स’ असे लिहिले आहे. हे ब्लॉकेज का? कोल्हापूरला नेऊन मांडीतून नळी घालायची अँजिओग्राफी करावी असे शेजारी सांगतात.
– एक वाचक, गुहागर

उत्तर: एवढ्यावरून घाट चढायची गरज नाही. त्या तपासणीत थोडा का होईना, पक्षाघाताचा धोका असतो.

मानेतून वर जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मिळून बेसिलर धमनी बनते. दोन्ही बऱ्याचदा सारख्या जाडीच्या नसतात. तशा वेळी डावी मोठी असण्याचे प्रमाण जास्त. उजवी जन्मतः बारीक (हायपोप्लास्टिक) असली तरी डावी आणि बेसिलर नीट भरत असतील तर पुरवठा भागतो. रेडिऑलॉजिस्टना एकच विचारा: धमनी सगळीकडे सारखी बारीक आहे, की एका जागी आवळली आहे? डायशिवायच्या ‘टाइम ऑफ फ्लाइट’ पद्धतीत छेदात (एमआरआय घेतो त्या पातळ चकतीत) नव्याने शिरलेले रक्त उजळ दिसते. ते सावकाश वाहिले, वळणावर घुसळले किंवा छेदाच्याच पातळीत सरकत राहिले की उजेड मंदावतो आणि धमनी आहे त्यापेक्षा अरुंद, कधी तुटल्यासारखीही दिसते. फिल्मवरच्या एकत्रित चित्रात तर बारीक धमन्या गळूनच जातात. म्हणून सीडी मागून घ्या, मूळ छेद तिच्यात असतात. मानेला अलीकडे हिसका बसून नव्याने दुखू लागले असेल तर मात्र धमनीची भिंत चिरली आहे का, हे पाहायला मानेचे चरबी-सिग्नल दाबलेले टी-वन छेद (एमआरआयचाच एक प्रकार) लागतात.

दुसरी ओळ शिरेची आहे; सिग्मॉइड सायनस ही मेंदूतले रक्त मानेकडे नेणारी शीर. वरून खाली येणाऱ्या शिरांचे रक्त दिसू नये म्हणून तपासणीच्या पट्ट्याच्या वर ‘सॅच्युरेशन बँड’ ठेवतात. पण छातीच्या हाडामागे डावी मोठी शीर महाधमनीच्या फांद्यांपुढून जाते आणि तिथे, विशेषतः उतारवयात, दबते. मग रक्त मानेतून उलटे वर चढते, बँडला चुकवते आणि उजळ दिसते. हाच रिफ्लक्स; याला उपचार लागत नाही. धमनी थेट शिरेला जोडली गेली (फिस्टुला) तरी असाच उजेड दिसतो. पण त्यात बहुधा धमनीच्या फांद्या फुगतात, आणि नाडीच्या ठोक्यासरशी कानात आवाज येऊ शकतो. आईंना तसा आवाज येतो का, विचारा. येत असेल तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

चक्कर या दोन ओळींवर ढकलू नका. कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडून डिक्स-हॉलपाइक तपासणी (डोके वळवून झटकन आडवे करून चक्कर पाहणे) करून घ्या. रिपोर्ट बघून परस्पर ॲस्पिरिन सुरू करू नका. अचानक बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले किंवा एक बाजू लुळी पडली तर मात्र थांबू नका: गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि गुहागरहून चिपळूण गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो.